लेझरनंतर पडद्याचा स्कॅन पुन्हा पुन्हा कशासाठी?

गोव्यातल्या साखळीहून एका मुलाने सविस्तर लिहून विचारलं आहे. आई ६१ वर्षांची, मधुमेह १४ वर्षांपासूनचा. उजव्या डोळ्याच्या पडद्याला (रेटिनाला) मध्यभागी सूज होती. आधी इंजेक्शनं झाली, मग उरलेल्या सुजेसाठी थोडा लेझर. डाव्या डोळ्यात नव्या, ठिसूळ रक्तवाहिन्या उगवू लागल्या होत्या, म्हणून तिथे कडेच्या भागात पूर्ण लेझर. उजव्या डोळ्याचा ओसीटी, म्हणजे पडद्याचे थर दाखवणारा प्रकाशाचा स्कॅन, तीनदा झाला. लेझरच्या दिवशी मधल्या भागाची जाडी ४१२ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), दीड महिन्याने ३७६, आणि त्यानंतर आठवड्याभरात नातेवाइकांच्या आग्रहाने दुसऱ्या शहरात केलेल्या स्कॅनमध्ये ३४१. नजर मात्र होती तेवढीच. डॉक्टर भिंगातून पडदा प्रत्यक्ष बघतात, मग दर वेळी स्कॅन कशाला, हा मुलाचा पहिला प्रश्न. आकडा उतरतोय तर आईला वाचता का येत नाही, हा दुसरा. तिसरा धाकट्या भावाबद्दल आहे. तो ३८ वर्षांचा, बोटीवर नोकरीला. सुट्टीवर आला असताना डाव्या डोळ्यापुढे करडा ठिपका दिसू लागला. पडद्याखाली पाणी साठलंय असं निदान झालं आणि डॉक्टरांनी तीन महिने थांबायला सांगितलं. त्याला लेझर लगेच का करत नाहीत?

आधी त्या ३४१ बद्दल, कारण घरातल्या सगळ्यांनी त्यावर आशा बांधलेली दिसते. तो आकडा तूर्त हिशेबात धरू नका.

ओसीटी यंत्र पडद्याचा उभा छेद दाखवतं, त्या छेदावर स्वतःच दोन रेघा ओढतं आणि दोन रेघांमधलं अंतर जाडी म्हणून छापून देतं. वरची रेघ सगळी यंत्रं एकाच जागी ओढतात, जिथे डोळ्यातला जेलीसारखा द्रव संपून पडदा सुरू होतो तिथे. खालची रेघ कुठे ओढायची, याचा प्रत्येक कंपनीचा हिशेब वेगळा आहे. स्ट्रॅटस नावाचं जुनं यंत्र ती प्रकाशग्राही पेशींच्या मधोमध ओढायचं. आताची स्पेक्ट्रॅलिस, सिरस ही यंत्रं त्याहून खाली, रंगद्रव्याच्या थराजवळ जातात. त्यामुळे एकाच निरोगी डोळ्याची जाडी जुन्या यंत्रावर दोनशेच्या आसपास आणि नव्यावर पावणेतीनशेच्या आसपास येऊ शकते. साठ-सत्तर मायक्रॉनचा फरक, आणि डोळ्यात काहीही बदललेलं नाही. नव्या यंत्रांमध्येही आपापसात दहा-पंधरा मायक्रॉन इकडेतिकडे होतात. रिपोर्टच्या कोपऱ्यात यंत्राचं नाव छापलेलं असतं, ते पाहा. तिसरा स्कॅन जुन्या यंत्रावरचा असेल, तर तुमच्या आईच्या डोळ्यातली सूज ३७६ च्या दिवसापेक्षा कमी झाली असं म्हणता येणार नाही. कदाचित थोडी वाढलेलीही असेल.

आता उरले ४१२ आणि ३७६, एकाच यंत्रावरचे. फरक ३६ मायक्रॉनचा, म्हणजे जवळपास ९ टक्के. दहा टक्क्यांच्या आतल्या नुसत्या बदलावर मी उपचाराचा निर्णय सोडत नाही. डोळा किंचित हलला, स्कॅनचा मध्य थोडा सरकला, मोतीबिंदूमुळे किंवा कोरड्या डोळ्यामुळे चित्र धूसर आलं, तरी एवढा फरक पडू शकतो. शिवाय मधुमेहाची सूज सकाळी उठल्यावर जास्त आणि दिवस चढेल तशी कमी होते, हे अनेक रुग्णांत दिसतं. पहिला स्कॅन सकाळी नऊला आणि दुसरा दुपारी चारला झाला असेल, तर त्यातला काही भाग घड्याळाचा आहे. म्हणून स्कॅन शक्यतो त्याच यंत्रावर, त्याच सुमाराच्या वेळी करावा, आणि यंत्रात आधीच्या स्कॅनची जागा धरून पुढचा घेण्याची सोय असेल तर ती वापरायला सांगावी. ही सोय असली की यंत्र रक्तवाहिन्यांच्या नक्षीवरून डोळा ओळखतं आणि मागच्या वेळी जिथे छेद घेतला होता तिथेच पुन्हा घेतं. लेझरचा परिणाम तपासताना याचं मोल फार आहे. छेदाची जागा एखाद्या केसाएवढी सरकली तरी आपण लेझर झालेली जागा सोडून शेजारची बघत बसतो.

दिशा बरोबर आहे, इतकंच आज म्हणता येईल. मध्यभागाजवळच्या लेझरचा निकाल दीड महिन्यात लागत नाही. तीन-चार महिने द्यावे लागतात, आणि काही डोळ्यांत त्यानंतरही पुन्हा लेझर न करता सूज उतरत राहते.

आता मुख्य प्रश्न. भिंगातून दिसत असताना स्कॅन कशाला?

भिंगातून आम्ही पडदा वरून पाहतो. रक्ताचे ठिपके, चरबीचे पिवळे साठे, नव्या रक्तवाहिन्या, लेझरचे डाग हे सगळं दिसतं. थर दिसत नाहीत. बेबिंका, म्हणजे आपला थराथरांचा गोड केक, वरून पाहिला तर तपकिरी गोल दिसतो. त्यात किती थर आहेत आणि कुठला कच्चा राहिलाय हे सुरी फिरवून बाजूने पाहिल्यावरच कळतं. ओसीटी ती सुरी न लावता बाजू दाखवतं. डोळ्यात न दिसणारा, ८४० नॅनोमीटरच्या आसपासचा मंद प्रकाश सोडायचा आणि वेगवेगळ्या थरांवरून परत आलेल्या प्रकाशाची एका आरशावरून परत आलेल्या प्रकाशाशी गाठ घालायची. दोन्ही मिसळतात तेव्हा जो नमुना उमटतो त्यावरून कोणता थर किती खोल हे काढता येतं. सोनोग्राफीत आवाज परत यायला लागणारी वेळ मोजतात. प्रकाश इतका वेगवान की त्याची वेळ मोजणं शक्य नाही, म्हणून ही युक्ती. १९९१ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीच्या गटाने ती प्रथम मांडली. त्यातल्या डेव्हिड हुआंग, जेम्स फुजिमोतो आणि एरिक स्वान्सन यांना २०२३ मध्ये लास्कर पुरस्कार मिळाला. आजच्या यंत्रांना पाच-सात मायक्रॉनपर्यंतचा तपशील वेगळा दिसतो. या स्कॅनमध्ये क्ष-किरण नाहीत, सुई नाही, औषध नाही. पुन्हा पुन्हा केल्याने डोळ्याला इजा होते ही भीती बऱ्याच घरांत असते, ती मनातून काढून टाका.

लेझर यापेक्षा कितीतरी जुना. जर्मनीतले डॉ. गेरहार्ड मायर-श्विकेराथ यांनी १९४५ च्या सूर्यग्रहणाकडे उघड्या डोळ्यांनी पाहून पडदा भाजलेले रुग्ण तपासले आणि हीच इजा मोजून-मापून केली तर उपचार होईल का, असा विचार केला. आधी त्यांनी आरशांनी सूर्यप्रकाशच डोळ्यात नेला, मग झेनॉनचा दिवा आला आणि साठच्या दशकात लेझर. मधुमेहात तो उपयोगी पडतो हे दोन मोठ्या अमेरिकन अभ्यासांनी सिद्ध केलं. १९७६ मध्ये कळलं की कडेच्या पूर्ण लेझरने नजर गंभीरपणे जाण्याचं प्रमाण निम्म्याहून कमी होतं. १९८५ मध्ये कळलं की मध्यभागाच्या सुजेवर लेझर केला तर तीन वर्षांत नजर बऱ्यापैकी घसरलेल्यांचं प्रमाण २४ टक्क्यांवरून १२ टक्क्यांवर येतं. तेव्हा ओसीटी नव्हता. जाडी डोळ्यांनी, भिंगातून अजमावत. त्या पिढीतल्या डॉक्टरांचा हात आणि नजर थोर होती यात शंका नाही. पण सूज थोडी असेल तर ती निसटायची, आणि लेझरने पडद्याच्या आत नेमकं काय केलं हे कुणालाच दिसत नव्हतं.

काय होतं ते सांगते, कारण सगळ्या देखरेखीचं मूळ इथे आहे.

लेझरचा हिरवा, ५३२ नॅनोमीटरचा किंवा पिवळा, ५७७ नॅनोमीटरचा प्रकाश पडद्याच्या वरच्या थरांतून जवळजवळ आरपार जातो. तो अडतो रंगद्रव्याच्या थरात, प्रकाशग्राही पेशींच्या अगदी खाली. तिथे त्याची उष्णता होते आणि ती वर-खाली पसरते. पडद्यावर उमटणारा पांढरट ठिपका म्हणजे ही उष्णता वर चढून पडदा अपारदर्शक झाल्याची खूण. म्हणजे पांढरेपणा दिसेपर्यंत इजा रंगद्रव्याच्या थराच्या पलीकडे गेलेली असते. ठळक पांढरा ठिपका म्हणजे चांगला लेझर, असं एके काळी मानत. ओसीटीने ही समजूत मोडली. अशा ठिपक्याचा छेद घेतला तर रंगद्रव्याच्या थरापासून वरच्या थरांपर्यंत उजळ खांब उभा दिसतो. मध्यबिंदूच्या आसपास तो तिरका असतो, कारण तिथले चेतातंतूच तिरके जातात. काही आठवड्यांनी खांब विरतो आणि प्रकाशग्राही पेशींच्या रेघेत खंड उरतो. हलक्या, जेमतेम दिसणाऱ्या ठिपक्यात हा खंड लहान असतो आणि बऱ्याचदा कालांतराने आकसतो. भारी ठिपक्यात तो कायमचा राहतो, आणि मध्याजवळच्या जुन्या भारी डागांभोवतीची झीज वर्षानुवर्षं पसरत जाते. असे डाग पुढे नजरेच्या वाटेत येतात. ते पसरताहेत का हे बघायला पडद्याचं स्वयंप्रकाशी चित्र घेतात. त्यात मेलेल्या पेशींची जागा काळी उठून दिसते.

अडचण अशी की एकाच डोळ्यात, एकाच शक्तीचा लेझर दोन ठिकाणी सारखा उमटत नाही. कुठे सूज जास्त, कुठे रंगद्रव्य कमी, कुठे मोतीबिंदूची सावली. म्हणून चांगला डॉक्टर आधी मध्यापासून दूर एक-दोन ठिपके देऊन शक्ती ठरवतो आणि जागा बदलली की पुन्हा जुळवतो. पूर्वी प्रत्येक ठिपका १०० मिलिसेकंदांचा असे. आताची नक्षीवार ठिपके देणारी यंत्रं २० मिलिसेकंदांत काम करतात. उष्णता पसरायला वेळ कमी मिळतो, दुखतं कमी, आतल्या थरांना इजा कमी. पण ठिपका लहान राहतो आणि पुढे आणखी आकसतो, त्यामुळे जुन्या हिशेबाने मोजून दिलेले ठिपके अपुरे पडतात. कमी दुखलं म्हणून पुरेसं झालं असं समजून नवीन रक्तवाहिन्या वाढत राहिलेले डोळे मी पाहिले आहेत. म्हणून डाव्या डोळ्याबद्दल विचारताना ‘लेझर झाला का’ एवढंच विचारू नका. ‘पुरेसा झाला का, आणि ते कशावरून ठरवलं’ हे विचारा.

याहून पुढची पायरी मायक्रोपल्सची. यात लेझर अतिशय तुटक सोडतात. बहुतेक वेळ, साधारण ९५ टक्के, तो बंदच असतो, म्हणजे प्रत्येक झटक्यानंतर पेशीला थंड व्हायला अवकाश मिळतो. ठिपका उमटत नाही. त्याच दिवशी ओसीटी केला तरी काही दिसत नाही, आणि ते दिसू नये हेच अपेक्षित असतं. इथे रुग्णाच्या मनात प्रश्न येतो: दिसलं नाही तर काही केलं की नाही? उत्तर फक्त पुढच्या दोन-तीन महिन्यांच्या स्कॅनमधून मिळतं. म्हणूनच या लेझरमध्ये आधीचा चांगला स्कॅन नसेल तर नंतरचा जवळजवळ निरुपयोगी.

संशोधनाचं लक्ष सध्या याच्याही पलीकडे आहे, आणि हा भाग मला मनापासून भावतो. जर्मनीत ल्युबेक इथे विकसित झालेली निवडक लेझरची पद्धत सेकंदाच्या दशलक्षांश भागाएवढे झटके वापरते. त्यात रंगद्रव्याच्या कणांभोवती सूक्ष्म बुडबुडे तयार होतात, तेवढीच पेशी फुटते आणि वरच्या प्रकाशग्राही पेशींना झळ लागत नाही. शेजारच्या निरोगी पेशी सरकून जागा भरतात. पण डॉक्टरला भिंगातून काहीच दिसत नाही, त्यामुळे बुडबुडा झाला की नाही हे यंत्राला क्षणात कळायला हवं. बुडबुड्यातून निघणारा बारीक ध्वनी ऐकून, परावर्तित प्रकाशाचा थरथराट पकडून किंवा त्याच क्षणी ओसीटीचा संकेत पुसट होतो का ते पाहून लेझर आपोआप थांबवतात. काही गटांनी पडद्याचं तापमानच मोजायचा मार्ग काढला आहे. छोट्या झटक्यांनी उमटणारा ध्वनी ऊती तापली की बदलतो, त्यावरून अंदाज घेतात. उपचार आणि देखरेख एकाच सेकंदात होण्याची ही सुरुवात आहे. आपल्याकडच्या रोजच्या ओपीडीत अजून ती नाही. आपल्याकडे लेझर आधी होतो, डोळा नंतर बघतो. मधल्या काळात रुग्ण वेळेवर परत आला नाही तर ती माहिती मिळतच नाही.

आकडा आणि नजर यांच्या नात्याकडे वळते. हे नातं आहे, पण सैल आहे. तुमच्या आईच्या स्कॅनमध्ये मी आकड्याआधी तीन गोष्टी बघेन. मध्यबिंदूखालची प्रकाशग्राही पेशींची उजळ रेघ सलग आहे का? ती तुटलेली असेल तर सूज पूर्ण उतरली तरी बारीक अक्षर वाचणं कठीण जातं. आतले थर वेगवेगळे ओळखू येतात, की एकमेकांत मिसळून गेलेत? मिसळले असतील तर सूज बऱ्याच काळाची होती आणि तिने पेशींना जोडणाऱ्या तारा तोडल्या आहेत. तिसरं, चरबीचे पिवळे साठे मध्याकडे सरकताहेत का? सूज उतरताना पाणी आधी शोषलं जातं आणि चरबी मागे उरते, म्हणून काही महिने हे साठे उलट जास्त दिसतात. घाबरायचं कारण नाही, पण ते ऐन मध्यावर बसले तर लक्ष ठेवावं लागतं. याशिवाय मध्यातल्या केशवाहिन्या बंद पडल्यात का हा प्रश्न उरतो. त्यासाठी हातात पिवळं औषध टोचून करायची फ्लुरेसिन अँजिओग्राफी किंवा औषधाशिवायची ओसीटी अँजिओग्राफी. दुसरीत गळती दिसत नाही, फक्त वाहतं रक्त दिसतं. दोन्हींची कामं वेगळी, एक केली म्हणून दुसरी वाया असं नसतं.

मध्यभागाच्या लेझरचं मुख्य काम आहे ती नजर राखणं. १९८५ च्या त्या आकड्यांकडे पुन्हा पाहा. तिथे मोजलं होतं ते घसरण किती थांबली. नजर वाढवण्यासाठी आज इंजेक्शनं आधी देतात, आणि तुमच्या डॉक्टरांनी तोच क्रम धरला आहे. उलट बाजूही सांगायला हवी. सूज मध्यावर असूनही नजर जवळजवळ पूर्ण चांगली असेल, तर लगेच काही न करता नियमित स्कॅनवर लक्ष ठेवणंही चालतं, हे २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकन अभ्यासात दिसलं. इंजेक्शन, लेझर आणि देखरेख या तिन्ही गटांत दोन वर्षांनी नजरेत फरक नव्हता. फक्त देखरेख म्हणजे खरोखर देखरेख. नजर घसरली की तिथे लगेच इंजेक्शन सुरू केलं जात होतं.

आणखी एक. पडद्याची सूज फक्त पडद्याची नसते. रक्तदाब चढा असेल, मूत्रपिंडं थकली असतील, रक्त कमी असेल, तर कितीही लेझर करा, स्कॅन हटत नाही. मधुमेहाच्या गोळ्यांमध्ये पायोग्लिटाझोन असेल तर फिजिशियनला आवर्जून सांगा, कारण ते शरीरात पाणी धरून ठेवतं. पायांना सूज येते का हे मी प्रत्येक रुग्णाला विचारते. डोळ्याच्या दवाखान्यात पायांची चौकशी ऐकून लोकांना नवल वाटतं, पण त्या उत्तरातून बऱ्याचदा स्कॅनचा अर्थ लागतो.

डाव्या डोळ्याची गोष्ट निराळी. तिथे लेझर कडेला केला आहे. पडद्याचा उपाशी भाग शांत केला की नव्या रक्तवाहिन्यांना खतपाणी घालणारा संदेश कमी होतो. इथे यश जाडीवर मोजत नाहीत. त्या रक्तवाहिन्या आक्रसल्या का, हे बघायचं. त्यासाठी भिंग, कडेपर्यंतचा रुंद फोटो आणि गरज पडली तर अँजिओग्राफी. पण मधल्या भागाचा ओसीटी तरीही हवा, लेझरच्या आधी आणि काही आठवड्यांनी. कडेच्या पूर्ण लेझरनंतर मध्यभागी तात्पुरती सूज येऊ शकते. अशा वेळी रुग्ण म्हणतो, लेझर केला आणि दिसायचं कमी झालं. आधीचा स्कॅन हाताशी असेल तर ही नवी सूज आहे की जुनी हे दोन मिनिटांत कळतं. नसेल तर सगळे अंदाज.

या टप्प्यावर लेझरऐवजी नुसती इंजेक्शनं देता येतात, हेही तुम्ही कुठेतरी वाचलं असेल. २०१५ मध्ये तसं सिद्ध झालं आहे. पण अट अशी की रुग्ण ठरल्या दिवशी येत राहिला पाहिजे. इंजेक्शनचा असर उतरतो. लेझरचा टिकतो. पेडण्याहून किंवा काणकोणहून येणारी, घरात दुसरं कुणी गाडी चालवणारं नसलेली, पावसात रस्ते तुंबले की येणं टाळणारी, चतुर्थीच्या महिन्यात सगळं पुढे ढकलणारी माणसं मी रोज बघते. त्यांच्या बाबतीत मी लेझरकडेच झुकते, आणि तुमच्या डॉक्टरांनी ते केलं हे मला योग्य वाटतं. २०२३ मध्ये आलेल्या आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) देशव्यापी पाहणीत गोव्यात मधुमेहाचं प्रमाण २६.४ टक्के निघालं, देशात सर्वांत जास्त. इतक्या डोळ्यांना दर महिन्याला इंजेक्शन देत राहणं ना घराला परवडतं ना सरकारी दवाखान्याला. एकदा नीट केलेला लेझर आणि वेळच्या वेळी झालेली तपासणी हा गोव्यासाठी अजूनही फार मोठा आधार आहे.

पुढच्या वेळी जाताना आईचे सगळे स्कॅन बरोबर न्या. रंगीत नकाशाचा एक छापील कागद पुरत नाही. त्यात आकडे असतात, थर नसतात. दवाखान्याकडून छेदांची पूर्ण मालिका पेनड्राइव्हवर मागा. बाहुली मोठी करणारे थेंब घातल्यावर चार-पाच तास धूसर दिसतं, म्हणून स्कूटरवर एकट्याने जाऊ नका. आणि पुढच्या तारखेची वाट न पाहता लगेच जायचं केव्हा, तेही लिहून ठेवा: डोळ्यापुढे अचानक काळे धागे किंवा काजळीसारखा पाऊस, पडदा ओढल्यासारखी सावली, सरळ रेघ वाकडी दिसू लागणं, किंवा दुखरा लाल डोळा.

आता भावाबद्दल. त्याचा आजार बहुधा सेंट्रल सीरस कोरिओरेटिनोपॅथी (वरच्या यंत्राच्या नावाशी संबंध नाही), म्हणजे रंगद्रव्याच्या थरातल्या एका बारीक जागेतून पाणी वर झिरपून पडद्याखाली थेंब साठलेला. तरुण, कामाच्या ताणातले, झोपमोड होणारे पुरुष यात जास्त. रात्रपाळीचे बोटीवरचे लोक माझ्याकडे या तक्रारीने नेहमी येतात. पण पहिला प्रश्न औषधांचा: स्टेरॉइड कुठल्याही रूपात घेतोय का? गोळी, दम्याचा पंप, नाकातला फवारा, सांध्यात दिलेलं इंजेक्शन, त्वचेचं मलम, जिममधली पावडर, वैदूची पुडी. असेल तर ज्याने दिलं त्या डॉक्टरला विचारून बंद करायचं. बऱ्याच जणांत पाणी तीन-चार महिन्यांत आपोआप ओसरतं, म्हणून थांबायला सांगितलं ते बरोबर आहे. या काळात ओसीटीवर थेंबाची उंची आणि त्याखालचा रक्तवाहिन्यांचा थर किती जाड आहे हे बघत राहायचं. थेंब कमी होत असेल तर हात लावायचा नाही.

कमी होत नसेल, किंवा परत परत होत असेल, तर अँजिओग्राफीने गळतीची जागा शोधायची. ती मध्यबिंदूपासून नीट दूर असेल तर तिथे नेमका लेझर चालतो. मध्याखाली असेल तर साधा लेझर नको, कायमचा काळा ठिपका मागे राहील. तिथे व्हर्टेपॉर्फिन हे प्रकाशाने जागं होणारं औषध निम्म्या मात्रेत देऊन थंड लेझर करतात. २०१८ च्या युरोपीय अभ्यासात तो मायक्रोपल्सपेक्षा सरस ठरला, पण औषध हवं तेव्हा मिळेलच असं नाही. काही ठिकाणी एप्लेरेनोन नावाची गोळी देतात. २०२० च्या मोठ्या ब्रिटिश अभ्यासात तिचा उपयोग दिसला नाही, म्हणून मी ती लिहून देत नाही.

कॉन्ट्रॅक्टची तारीख जवळ आली असेल, तर ती डॉक्टरांना आजच सांगा. निघण्याआधी एक स्कॅन करून घ्यावा आणि त्याच्या मूळ फाइल मोबाइलवर व ईमेलवर ठेवाव्यात, यंत्राच्या नावासकट. बोटीवर एक डोळा झाकून दरवाजाच्या चौकटीची रेघ रोज पाहायची. ती वाकडी झाली किंवा ठिपका मोठा झाला, तर पुढच्या बंदरात डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाऊन स्कॅन करून घ्यायचा. तिथल्या डॉक्टरला इथली फाइल दाखवली की पाणी वाढलं की उतरलं हे त्याला लगेच सांगता येईल.